बुजलेल्या विहिरी

शास्त्रपाठ : उत्पत्ती, अध्याय २६, वचने १२ ते ३३.



ह्या अध्यायाचा आरंभ दुष्काळाने होतो, ही गोष्ट पुष्कळदा आपल्या ध्यानात राहत नाही. देशात दुष्काळ पडला होता. इसहाकापुढे मिसर देशाची वाट होती, कारण तेथे नदी होती व धान्य होते. परंतु देवाने त्यास तिकडे जाऊ दिले नाही. ह्याच भूमीत राहा असे सांगितले. इसहाक राहिला, त्याने त्या कोरड्या देशात पेरणी केली, आणि त्या वर्षी त्यास शंभरपट पीक मिळाले. मग शेजाऱ्यांस हेवा वाटू लागला. अब्राहामाच्या वेळी खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने भरून बुजविल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या, आणि बापाने त्यांस जी नावे दिली होती तीच नावे पुन्हा दिली.

शास्त्रलेखात माती हा शब्द स्पष्ट सांगितला आहे. दगडांनी नव्हे, काट्यांनी नव्हे, तर मातीने. जी माती शेतात असता धान्य देते, तीच विहिरीत पडली म्हणजे तहानेने मारते. माती वाईट नव्हे. ती आपल्या जागेवरून निघाली, एवढेच वाईट.

सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली ती आपण सर्वांनी पाहिली आहे. गोदाकाठची शेते पाण्याखाली गेली, ओढ्यानाल्यांच्या काठची जमीन खरडून गेली, आणि पाणी ओसरल्यावर कित्येकांस आपल्या विहिरीचे तोंड शोधावे लागले. सरकारने जी मदत जाहीर केली तीतही गाळाने बुजलेल्या विहिरींसाठी निराळी रक्कम धरावी लागली. आपल्या जिल्ह्यात त्या विहिरी बुजविण्यास कोणी पलिष्टी आला नव्हता. ती माती वरून आली. आपल्याच माळावरून, आपल्याच बांधावरून आली. पूर एका रात्रीचा असतो, पण त्याने जी माती आणली ती सुटी होण्यास पुष्कळ वर्षे लागलेली असतात.

आता आपल्या भूमीकडे थोडे लक्ष देऊन पाहा. हे उपासनेच्या बाहेरचे बोलणे आहे असे कोणास वाटेल, तर त्याने प्रभूचे दाखले आठवावे. त्यांत खडकाळ जमीन, वाटेकडची जमीन, काटेरी जमीन व चांगली जमीन ह्यांचा भेद किती बारकाईने केला आहे! परभणी जिल्ह्याच्या मध्यातून गोदावरी, पूर्णा व दुधना ह्या नद्या वाहतात, आणि त्यांच्या दोहो काठांस कापसाची व ज्वारीची ती प्रसिद्ध काळी जमीन पसरली आहे. परंतु उत्तरेस जिंतुराकडे आणि दक्षिणेस गंगाखेड व पालम ह्यांच्याकडे चढू लागले म्हणजे काळी सरते व बरड, मुरमाड माळ लागतो. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, आणि मृगाचे पहिले पाणी त्या भेगांतून आत शिरते. पण एकदा ती भिजून फुगली की भेगा मिटतात, आणि पुढचे पाणी तिच्यातून फार सावकाश उतरते. ते शेतात साचून राहते, नाही तर वाहून जाते. माळाचे तसे नाही. मुरमाच्या खाली कुजलेला, फटींचा खडक आहे. तेथे पाणी थांबविले तर ते आत मुरते, खालच्या कठीण काळ्या पाषाणावरून हळूहळू उताराकडे सरकते, आणि पायथ्याच्या विहिरीत झरा होऊन येते.

ह्याचा अर्थ काय होतो, बंधूंनो? सखल भागातील बागायतदाराची विहीर जे पाणी देते त्यातील पुष्कळसे माळावरच्या दरिद्री जमिनीने प्यालेले असते. ज्या जमिनीस आपण पडीक म्हणतो, जिचा सारा नाही व जिच्यावर कोणाचा जीव नाही, तिच्याच तोंडाने गाव पाणी पितो.

आणि हिशेब करून पाहा. आपल्या जिल्ह्यात पावसाळाभर सरासरीने आठनऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातील केवळ एका इंचाची, म्हणजे सुमारे २५ मिलिमीटरांची, एक सर एका एकरावर पडली तर ते पाणी सुमारे १ लक्ष लिटर भरते. दहा हजार लिटरांचे दहा टँकर एका एकराने एका सरीत आपल्या दारी आणून सोडले! ज्या गावाच्या माथ्यावर शंभर एकर उघडा माळ आहे त्या गावाने चैत्रात टँकरची वाट पाहत बसावे, हे केवळ दैवावर घालण्यासारखे आहे काय?

हा माळ उघडा पडला ह्याचे पाप कोणा एकाचे नव्हे. चुलीस जळण हवे म्हणून झाडे गेली. गुरे, शेळ्या व मेंढरे बारा महिने फिरली, म्हणून गवताने बी धरले नाही. उताराच्या दिशेनेच नांगर धरला, म्हणून प्रत्येक तास ही पाण्याची मोरी झाली. एकएक इंच सुपीक माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात, आणि ती एका वळवाच्या सरीत ओघळीतून जाते. तिचा काही भाग विहिरीत, काही तलावात, आणि उरलेला गोदावरीबरोबर समुद्रात जातो.

उपाय नवा नाही, व गुप्तही नाही. माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करावे, हा त्याचा नियम. आधी डोंगराच्या माथ्यावर समपातळीत चर खणावे. मग ओघळींत अनघड दगडांचे बांध घालावे. चरांच्या भरावावर गवत पेरावे, सीताफळ, बोर, निंब लावावे, शेताच्या बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला रानात गाडावा. आणि सर्वांच्या शेवटी नाल्यावर बंधारा बांधावा. वरचे काम न करता खालचे केले तर बंधारा दोनचार पावसाळ्यांत गाळाने भरतो. सन २०१४ च्या डिसेंबरात आपल्या राज्यात जलयुक्त शिवार अभियानास आरंभ झाला. त्यात पुष्कळ चांगली कामे झाली. पण कित्येक ठिकाणी यंत्रे आणून पायथ्याचा नाला खोल व रुंद करण्यावरच सारा जोर पडला, कारण नाल्यात यंत्र सहज चालते आणि खणलेला नाला लवकर डोळ्यांत भरतो. माळावर चर खणणे हे हातांचे काम आहे, व त्याचे छायाचित्र काही फारसे सुंदर येत नाही. पुढे २०२० साली देशाच्या महालेखापरीक्षकांनी ह्या अभियानाचा हिशेब तपासला, तेव्हा सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्चूनही भूजल वाढविण्याच्या कामी त्याचा परिणाम थोडाच दिसला, असा अभिप्राय दिला.

शेतातील उपायांसाठी तर आपणांस दूर जावयास नको. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली, म्हणजे त्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षीच, स्थापन झाले. तेथील कोरडवाहू शेतीच्या संशोधकांनी पावसाचे पाणी गाळून विहिरीत सोडण्याची, म्हणजे विहीर पुनर्भरणाची, रीत शेतकऱ्यांस दाखविली आहे. रुंद वरंब्यावर पेरून सरीत पाणी जिरवावे, आणि सोयाबीनच्या चार ओळींस तुरीच्या दोन ओळी द्याव्या, म्हणजे एक पीक गेले तरी दुसरे हाती राहते, हा सल्लाही तेथलाच. तसेच २०१७ सालापासून तलावांतील गाळ काढून शेतात नेण्याची सरकारी योजना आहे. वाहून गेलेली माती पुन्हा घरी आणणे, ह्याहून पश्चात्तापाचे चांगले चित्र मला तरी सुचत नाही. फक्त हे ध्यानात असू द्या की, तो गाळ ज्याला शेत आहे त्याच्याच शेतात पडतो.

येथे मी त्या प्रश्नाशी आलो, ज्यासाठी हे प्रवचन करण्याचे मनात आणले. मागे एका गावी उपासना संपल्यावर गायरान राखण्याची गोष्ट निघाली. चराईबंदी करावी, कुऱ्हाडबंदी करावी, असे तरुण मंडळी मोठ्या उत्साहाने म्हणत होती. तेव्हा मागे बसलेली एक विधवा भगिनी उठून म्हणाली, "पास्तरसाहेब, माझ्या चार शेळ्या आहेत. गायरान मिटलं तर त्या काय खातील, अन् मी काय खाऊ?" सर्व गप्प झाले. मलाही त्या वेळी उत्तर सुचले नाही, आणि मी काही तरी प्रार्थनेचे बोलून वेळ मारून नेली. त्याबद्दल मला आजही लाज वाटते.

तिचा प्रश्न खरा होता. माळावर व माळाच्या कडेस कोण राहतो? आपल्यापैकी बहुतेकांचे वाडवडील गावकुसाबाहेर राहिले. ज्यांस काळी मिळाली नाही त्यांनी बरड कसली, गायरानात चार ओळी पेरल्या. तो लढा आपल्या मराठवाड्यात फार जुना आहे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने, १४ एप्रिल १९९० पर्यंत भूमिहीनांनी शेतीसाठी कसलेली सरकारी पडीक व गायरान जमीन त्यांच्या नावे करण्याचे ठरले. तरी पुष्कळांच्या हाती अजून कागद नाही. ज्याच्या हाती कागद नाही त्यास, माळ हिरवा करावयाचा आहे, तू येथून नीघ, असे सांगणे फार सोपे असते. अहाब राजासही नाबोथाच्या द्राक्षमळ्यात भाजीचा बागच करावयाचा होता. भाजीचा बाग ही काही वाईट वस्तू नव्हे.

आणि दुसरे पाहा. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली, श्री. वि. स. पागे ह्यांच्या विचारातून ती योजना आली होती, १९७७ साली तिचा कायदा झाला व १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो अमलात आला. त्या कामांवर आपल्या आयाबहिणींनी डोक्यावर पाट्या वाहून पाझर तलाव बांधले. मजुरी मिळाली, प्राण वाचले. त्याबद्दल देवाचे उपकार मानले पाहिजेत. परंतु तलाव पाझरू लागला तेव्हा पाणी चढले ते खालच्या जमीनवाल्यांच्या विहिरींत. पाटी वाहणारीस शेत नव्हते, म्हणून विहीर नव्हती, म्हणून तिच्या वाट्यास पाणी आले नाही. आजही दसरा-दिवाळी झाली की गंगाखेड, पालम, जिंतूर ह्या भागांतील तांडे व वस्त्या उचल घेऊन ऊसतोडीस जातात. नवराबायको मिळून एक कोयता; मुले संगती. पाचसहा महिने घरांस कुलपे, आणि ख्रिस्तजयंतीच्या उपासनेस म्हातारी माणसे तेवढी राहतात. हेच आपले मिसर. इसहाकास देवाने मिसरास जाऊ दिले नाही, पण केवळ जाऊ नको एवढेच सांगितले नाही. त्या भूमीत पेरण्यास त्यास जागा दिली.

तर त्या भगिनीस मी आज काय उत्तर देईन? लेवीयाच्या पुस्तकात देवाने आपल्या लोकांस आज्ञा दिली की, शेत कापताना कोपऱ्यापर्यंत झाडून कापू नये. सरवा गरिबासाठी व परदेशीयासाठी राहू द्यावा. तो सरवा कोणाची भीक नव्हती, तो हक्क होता. रूथ बवाजाच्या शेतात गेली ती त्याच हक्काने. गायरान मिटले तर पहिल्या वर्षापासून तेथले गवत कापून नेण्याचा पहिला हक्क ज्याला जमीन नाही त्याचा असावा, आणि हे बंदी करण्याच्या आधी ग्रामसभेत ठरून कागदावर यावे. अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजार येथे १९८९ सालानंतर श्री. पोपटराव पवार ह्यांच्या पुढाकाराने हेच झाले. मोकळी चराई बंद, पण गवत कापून नेण्यास मोकळीक. आणि गवत वाढले तेव्हा दूधही वाढले. तेथे आणखी एक नियम केला, तो पुष्कळजण पाहून येतात व परत आल्यावर सांगावयास विसरतात. शेतीसाठी कूपनलिका घ्यावयाची नाही, उसासारखे तहानलेले पीक घ्यावयाचे नाही, आणि दरवर्षी पाणी मोजून मगच कोणते पीक घ्यावे हे गावाने ठरवावयाचे. माथ्यावर गरिबाच्या शेळीस बंदी आणि पायथ्यास श्रीमंताच्या पंपास मोकळीक, असा न्याय तेथे चालविला नाही.

कारण विहीर उकरली म्हणजे काम संपत नाही, हे आपल्या शास्त्रपाठातच आहे. इसहाकाच्या चाकरांस पाणी लागले आणि लागलीच गरारचे गुराखी भांडावयास आले. त्या विहिरीचे नाव एसेक, म्हणजे भांडण. दुसरी खणली, तीवरही वाद. तिचे नाव सितना, म्हणजे वैर. आपण ही नावे परकी मानू नयेत. २०१६ च्या मार्चात आपल्या शेजारच्या लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. मराठवाड्यात किती तरी विहिरींची व कूपनलिकांची नावे एसेक व सितना अशीच ठेवावी लागतील. जो आपल्या शेजाऱ्याहून शंभर फूट खोल जातो, आणि जो भूगर्भातील पाणी उपसून आपल्या कापड घातलेल्या शेततळ्यात साठवितो, तो काही चोरी करीत नाही, असे कायद्याने म्हणता येईल. देवासमोर काय म्हणता येईल, ते त्याने एकांतात विचारावे.

तिसऱ्या विहिरीवर भांडण झाले नाही, आणि तिचे नाव रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा, असे ठेविले. जागा सर्वांस झाली तेव्हाच ती विहीर आशीर्वादाची ठरली. आपल्याच मंडळीच्या इतिहासात ह्याची उदाहरणे आहेत. रेव्ह. नारायण शेषाद्री ह्यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल वसविले, तेव्हा नवख्या विश्वासणाऱ्यांस नुसते गीत व वचन न देता कसण्यास भूमी मिळावी हीच त्यांची चिंता होती. पुढे १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य जामखेडास गेले. ते वैद्य होते. पण लोकांनी त्यांस आपली पहिली गरज सांगितली ती औषधाची नव्हे, पाण्याची व अन्नाची. त्यांनी ते ऐकले. हातपंप बसविताना तो दलित वस्तीत बसावा असा त्यांनी आग्रह धरला. मग पाण्यासाठी सर्व गावास त्या वस्तीत यावे लागले. पंप कोठे बसवावा, हा त्यांस भूगर्भशास्त्राइतकाच सुवार्तेचाही प्रश्न वाटला.

आपल्या मंडळ्या लहान आहेत, हे मी जाणतो. दहा घरे, पंधरा घरे. तरी मंदिराच्या आवाराचे व दफनभूमीचे पाणी कोठे जाते, हे आपण पाहिले आहे काय? बहुतेक गावी आपली दफनभूमी माळावरच आहे, कारण चांगली जागा आपणांस कोणी दिली नाही. तेथे दोन चर खणून कडेस निंब व सीताफळ लावण्यास कोणाची परवानगी लागेल? कापणीच्या सणास आपण धान्य अर्पितो. ज्याच्याकडे धान्य नाही त्याने ह्या वर्षी एक दिवसाचे श्रम अर्पावे, आणि पंचांनी ते दानार्पणाच्या वहीत इतरांच्या बरोबरीने नोंदवावे. आणि ग्रामसभेची दवंडी होते तेव्हा आपण घरी बसू नये. कामांचा आराखडा तेथेच ठरतो. आधी माथा, मग पायथा, असे तेथे म्हणावे. चरांचे काम ऊसतोडीच्या आधी, दिवाळीच्या सुमारासच निघावे, म्हणजे चार घरे तरी गावी राहतील, असे म्हणावे. आणि गवताचा हक्क व गायरान कसणाऱ्याचा कागद ह्या दोन गोष्टी त्याच ठरावात लिहून घ्याव्या. आपले कोणी ऐकणार नाही, असे म्हणू नका. ज्या भगिनीने मला प्रश्न केला तिचे ग्रामसभेत ऐकले जाणार नाही कदाचित; पण तिच्या शेजारी दहा घरे उभी राहिली तर तो आवाज निराळा असतो.

शास्त्रपाठाचा शेवटचा भाग आपण घाईने वाचतो. अबीमलेख, ज्याच्या लोकांनी विहिरींवरून भांडण केले होते, तो आपणहून इसहाकाकडे आला. इसहाकाने त्यास जेवू घातले. पहाटेस उठून त्यांनी एकमेकांशी शपथ वाहिली, आणि ते शांतीने आपापल्या वाटेस गेले. त्याच दिवशी चाकर धावत आले. ते दुसऱ्या एका ठिकाणी खणत होते, आणि त्यांनी येऊन सांगितले की पाणी लागले.